ताकदीच्या गोळ्या, चूर्ण, पावडरी आणि कस्टम : खान्देशातून परदेशी जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

व्हिसा लागला, तिकीट निघालं, मुंबईपर्यंतच्या गाडीचं रिझर्वेशन झालं की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बॅगेचा विषय सुरू होतो. लेक अमेरिकेत बाळंतपणाला आलेली, मुलगा शिकायला जर्मनीत, भाचा दुबईत साइटवर. प्रत्येकासाठी काहीतरी न्यायचं असतं, आणि त्यात हल्ली गोळ्या-पावडरींचा भरणा फार. औषधाच्या दुकानात काउंटरवर वर्षभर हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. नियम बदलत राहतात. निघण्याआधी त्या देशाच्या कस्टम खात्याचं अधिकृत संकेतस्थळ एकदा उघडून बघाच.

सप्लिमेंट परदेशी न्यायला मुळात परवानगी असते का?

बहुतेक देशांत, स्वतःपुरती, असते. कस्टमवाल्याला तुमच्या गुडघेदुखीशी देणंघेणं नसतं. वस्तू काय आहे, कोणाची आहे आणि किती आहे, एवढंच त्याला बघायचं असतं. या तिन्हीची उत्तरं डब्यावरच्या लेबलवरून मिळाली तर दोन मिनिटांत सुटका. मिळाली नाहीत तर बॅग उघडायची, मग खाली ठेवलेले बिबडे, कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स, सगळा संसार टेबलावर.

हे औषधात मोडतं की खाण्यात?

देशागणिक उत्तर वेगळं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंटला खाद्यपदार्थांच्या गटात टाकलं. आपल्याकडेही मल्टिविटॅमिन, प्रोटीन पावडर वगैरे बऱ्याचशा वस्तू एफएसएसएआयच्या म्हणजे अन्नाच्या कायद्याखाली विकल्या जातात. आयुर्वेदिक चूर्ण-वटी मात्र आयुष परवान्याखाली, म्हणजे औषध. झोपेसाठीच्या मेलाटोनिनचं बघा. अमेरिकेत ते किराणा दुकानात चॉकलेटसारखं मिळतं, ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्यामुळे ‘आपल्याकडे मेडिकलवर सहज मिळतं’ हा युक्तिवाद तिकडच्या काउंटरवर चालत नाही.

किती न्यावं? सहा महिन्यांचा मुक्काम आहे.

साधारण तीन महिन्यांचा साठा ही बऱ्याच देशांची रेघ आहे. अमेरिकेत ९० दिवसांपुरतं स्वतःच्या वापराचं मानतात. कॅनडातही ९० दिवस किंवा उपचाराचा एक कोर्स, यातलं जे कमी असेल ते. ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरमध्येही तीन महिने. जपान त्या मानाने कडक: चिठ्ठीवरची औषधं एक महिन्याची, बिनचिठ्ठीची औषधं आणि जीवनसत्त्वं दोन महिन्यांची. त्याहून जास्त न्यायचं तर आधी तिकडून परवाना काढावा लागतो.

सहा महिने राहणार असाल तर व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, बी-१२ यांचा तीन महिन्यांचा साठा घेऊन जा आणि उरलेलं तिकडे विकत घ्या. महाग पडेल, पण चार डबे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून नेले की ते विकायला आणलेत असा संशय येणारच. बीपी-शुगरच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब डॉक्टरांशी बोलून आधी करा.

गोळ्या डब्यातून काढून पिशवीत घातल्या तर चालतील? जागा वाचते.

जागा वाचते आणि ओळख जाते. पांढरी कॅप्सूल प्लॅस्टिकच्या पुडीत असली की ती कॅल्शियम आहे की आणखी काही, हे बाहेरून कोणाला कळणार? क्रिएटिनचं तर विचारूच नका. जिमला जाणारी मुलं अर्धा किलो पांढरी भुकटी बिननावाच्या झिप पिशवीत भरून नेतात आणि मग विमानतळावर अडवलं म्हणून चिडतात.

मूळ डबा, मूळ लेबल, शक्यतो सील न फोडलेलं. लेबलवर पाच गोष्टी इंग्रजीत दिसायला हव्यात: वस्तूचं नाव, घटकांची यादी, एका गोळीत किती मात्रा, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक, शेवटची तारीख. काही छोट्या आयुर्वेदिक डब्यांवर फक्त मराठी-हिंदी मजकूर असतो. असा डबा घरी ठेवा आणि तेच औषध इंग्रजी लेबलचं मिळतं का ते बघा. रोजच्या गोळ्यांची सकाळ-संध्याकाळची डबी प्रवासात जवळ ठेवायला हरकत नाही, फक्त त्यातल्या प्रत्येक गोळीची मूळ पट्टी त्याच पिशवीत असू द्या.

डॉक्टरांची चिठ्ठी टाइप केलेली हवी, औषधाच्या मूळ नावासह. आपल्या डॉक्टरांचं अक्षर आम्हा केमिस्ट लोकांना लागतं, टोरांटोच्या अधिकाऱ्याला कसं लागावं?

केबिन बॅगेत की चेक-इनमध्ये?

गोळ्या आणि रोजची औषधं केबिनमध्ये, बाकी सगळं खाली. आंतरराष्ट्रीय विमानात केबिन बॅगेतला कोणताही द्रव १०० मिलिलिटरच्या बाटलीतच चालतो, आणि तूप, मध, च्यवनप्राश हे त्यांच्या लेखी द्रव किंवा लगदाच. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत २०१८ पासून ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये नेली तर वेगळी तपासणी होते, आणि शंका मिटली नाही तर ती तिथेच ठेवून जावी लागते. साधारण शीतपेयाच्या कॅनएवढं माप समजा. प्रोटीनचा डबा थेट चेक-इनमध्ये टाका.

जाता जाता: सुकं खोबरं विमानात नेता येत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं. काळ्या मसाल्यासाठी वाटीभर टाकलं म्हणून मुंबईला बॅग उघडायला बोलावतात, आणि मागे रांग खोळंबते.

लेकीच्या बाळंतपणाला चाललोय. डिंकाचे लाडू, काढा, शतावरी, बाळगुटी, सगळं नेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

शतावरी कल्प सीलबंद डब्यात असेल तर अडचण सहसा येत नाही. डिंकाचे लाडू म्हणजे घरचं खाणं. अमेरिकेत उतरल्यावर अधिकारी विचारतो, ‘खाण्याचं काही आणलंय का?’ तेव्हा ‘हो, घरचे लाडू, मसाला, पापड’ असं सरळ सांगायचं. लाडू एका डब्यात, वर इंग्रजीत घटक लिहिलेली चिठ्ठी: डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, मेथी, खसखस. लेकीकडून व्हॉट्सअॅपवर मागवून घ्या, पाच मिनिटांचं काम.

पण हेच लाडू दुबई, अबुधाबी, दोहा किंवा सौदीला नेणार असाल तर थांबा. खसखस तिकडे बंदीच्या मालात आहे. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिला अमली पदार्थांच्या कायद्याखाली धरतात, आणि हा विषय दंडावर नाही, तुरुंगावर जातो. सिंगापूरलाही परवानगीशिवाय नेता येत नाही. लाडवात असो, काळ्या मसाल्यात असो, अनारशांवर असो, खसखस ती खसखस. आखातात जाणाऱ्यांसाठी लाडू-मसाला करायचा तर खसखस न घालता वेगळा करा, जुना मसाला डब्यात तळाशी राहिलेला असेल तर डबा धुऊन घ्या. आजी म्हणतील, ‘कसाले व माय इतलं घाबरी ऱ्हायनी?’ त्यांना म्हणावं, आजी, इथं घाबरलेलंच बरं.

काढ्याचं निराळं. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून अल्कोहोल आपोआप तयार होतो, आणि बाटलीवर त्याची टक्केवारी छापलेली असते. अमेरिकेत त्यावरून फार कोणी विचारणार नाही. सौदी आणि कुवेतमध्ये दारूबंदी असल्यामुळे अशी बाटली नेऊच नये. सुक्या वनस्पतींचा भरड काढा पुडीत बांधून नेऊ नका. वाळलेला पाला, साली, मुळं, बिया हे सगळं शेतीच्या रोगराईच्या तपासणीत येतं. आळीव, बाळंतशेपा अशा उगवू शकणाऱ्या बियांवर तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा विशेष डोळा.

बाळगुटी मात्र माझ्या मते नेऊच नका. त्यात वेखंड असतं, आणि अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने वेखंड खाद्यपदार्थांत घालायला १९६८ मध्येच बंदी घातली. शिवाय उगाळून द्यायच्या कांड्यांवर ना लेबल ना मात्रा. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारलं तर लेकीला काय उत्तर द्यायचं?

आयुर्वेदिक गोळ्या ‘नैसर्गिक’ असतात, मग तपासणी कशाला?

कारण त्यांतल्या काही वनस्पतींच्या नाहीत, धातूंच्या आहेत. २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास आला. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांपैकी साधारण एक पंचमांशात तेच. तेव्हापासून तिकडचे अधिकारी आणि डॉक्टर ‘आयुर्वेदिक’ म्हटलं की कान टवकारतात. आपल्या सरकारनेही २००६ पासून निर्यातीच्या आयुर्वेदिक औषधांसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली.

वैद्यांकडे याला उत्तर आहे: भस्मं शोधन-मारण करून, म्हणजे धातू शुद्ध करून आणि भाजून बनवतात, कच्चा धातू राहत नाही. तो वाद इथे सोडवायचा नाही. कस्टमच्या प्रयोगशाळेत यंत्र शिसं दाखवतं, शोधन दाखवत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

एक उदाहरण अगदी जवळून बघण्यासारखं आहे. गुडघ्यांसाठी आप्पा-नाना मंडळी ‘गुग्गुळ’ मागतात. साध्या योगराज गुग्गुळात वनस्पतीच असतात. महायोगराज गुग्गुळात मात्र नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, वंगभस्म म्हणजे कथलाचं, आणि रससिंदूर म्हणजे पाऱ्याचा कल्प येतो. दोन डबे शेजारी ठेवले तर रंग, आकार, गोळीची चव, सगळं जवळपास सारखं. फरक मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत. आरोग्यवर्धिनीतही कज्जली, म्हणजे पारा-गंधक असतो. डब्यावर ‘रस’, ‘भस्म’, ‘सिंदूर’, ‘पारद’, ‘कज्जली’ यांतला एकही शब्द दिसला तर तो डबा बॅगेबाहेर.

अश्वगंधेबद्दलही विचारतात. बहुतेक ठिकाणी चालते, पण डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी आईने दिलेला डबा परत आईकडेच द्यावा.

भांग किंवा अफू असलेलं एखादं औषध चुकून बॅगेत राहू शकतं का?

हो, आणि नेणाऱ्याला पत्ताही नसतो. जुलाबासाठीचं जातीफलादि चूर्ण घरोघरी असतं, त्यात भांग असते. लेबलवर ती ‘विजया’ नावाने येते. कामिनी विद्रावण रसात ‘अहिफेन’ म्हणजे अफू. ऑस्ट्रेलियात या गोळ्यांबद्दल सरकारी इशारे निघालेत. ‘विजया’ आणि ‘अहिफेन’ हे दोन शब्द लक्षात ठेवा आणि घरातला औषधांचा डबा एकदा चाळा.

अमेरिकेहून परतताना उलटी गंमत. तिकडे सीबीडीच्या, म्हणजे भांगेच्या झाडातल्या एका घटकाच्या, गमीज (चघळायच्या गोळ्या) दुकानात मिळतात, मुलं झोपेसाठी म्हणून आई-वडिलांना देतात, आणि परतीचं विमान दुबई किंवा दोहामार्गे. फक्त विमान बदलायचं असलं तरी तुम्ही त्या देशाच्या कायद्याखाली येता. हाँगकाँगनेही फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडीला धोकादायक अमली पदार्थांच्या यादीत टाकलंय. अशी भेट प्रेमाने नाकारा.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडबद्दल सगळे एवढं का घाबरवतात?

तिथे बेटं आहेत, बाहेरची कीड-रोग आत येऊ द्यायचे नाहीत हा त्यांचा हट्ट आहे, आणि केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला की रावेर-यावलच्या शेतकऱ्याचं काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना तो हट्ट समजेल. ऑस्ट्रेलियाच्या प्रवासी कार्डावर औषधांचा प्रश्न आहे, आणि बिया, वनस्पतींचे भाग, पारंपरिक औषधी यांचा वेगळा. चूर्ण, च्यवनप्राश, प्रोटीन पावडर, काहीही असलं तरी ‘हो’वर खूण करायची. सांगितलेली वस्तू तपासून परत देतात किंवा फेकून देतात. फेकली तर चारशे-पाचशे रुपयांचं नुकसान. न सांगता सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ऑस्ट्रेलियात दंड तर आहेच, २०१९ पासून पर्यटकाचा व्हिसाही रद्द करतात. मध न्यूझीलंडला जात नाही, त्यामुळे मध घातलेला च्यवनप्राश तिकडे नेण्याच्या भानगडीत पडू नका.

प्रोटीन पावडर युरोप, इंग्लंडला नेता येते?

व्हे प्रोटीन दुधापासून बनतं. भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक बॅगेतून न्यायला युरोपीय संघात बंदी आहे, ब्रिटनमध्येही. ब्रिटनच्या नियमांत माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसारख्या, प्राणिज अंश थोडासाच असलेल्या सप्लिमेंटला मोकळीक आहे, पण अडीच किलोचा व्हेचा डबा त्यात बसवणं अवघड. जर्मनीला जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच: तिकडे जिमचं सामान दुकानोदुकानी मिळतं, तुमच्या २३ किलोंत भांडी-मसाले घ्या.

शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलासाठी पुडी दिलीय. नेऊ का?

नाही म्हणायला जड जातं, माहीत आहे. खान्देशात ‘एवढीच तर पुडी आहे’ या वाक्याने अर्ध्या बॅगा भरतात. पण कस्टमच्या काउंटरवर बॅग ज्याची, वस्तू त्याची. घ्यायचीच असेल तर दुकानाच्या बिलासह, सील न फोडलेली, आणि तुमच्यासमोर उघडून बघता येईल अशी घ्या. घरी बांधलेली भुकटी, मग ती सख्ख्या मावशीची असो, नम्रपणे परत करा.

मग कुरिअरने पाठवलं तर?

सोपं वाटतं, पण कुरिअरमध्ये वस्तूशेजारी तुम्ही उभे नसता, समजावून सांगायला कोणी नसतं. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी थांबवली. सप्लिमेंट आणि आयुर्वेदिक औषधं पार्सलमध्ये अडकली तर परत येण्याचा खर्चही पाठवणाऱ्यावर पडू शकतो. जुन्या दराच्या अंदाजावर विसंबू नका.

परत येताना गुडघ्याच्या गोळ्या, ओमेगा-३ च्या बाटल्या किती आणता येतील?

अमेरिकेहून येणारा प्रत्येक पाहुणा अर्ध्या गल्लीसाठी ग्लुकोसामाइन आणतो, तेव्हा हा प्रश्न योग्यच. २०१६ च्या बॅगेज नियमांनी परदेशातून परतणाऱ्या प्रौढ भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानाची करमाफी दिली होती. ही रक्कम सरकार बदलत असतं, म्हणून उड्डाणाआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघा. नवरा-बायकोच्या सवलती एकत्र करून एकाच मोठ्या वस्तूवर लावता येत नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ग्रीन चॅनलमधून न जाता रेड चॅनलला जाऊन सांगायचं आणि कर भरायचा.

औषध म्हणून गणलेल्या वस्तूसाठी औषध नियमांची वेगळी अट आहे: स्वतःच्या वापराचं, आणि एका औषधाचे सरासरी १०० डोस, त्याहून जास्त नाही. सप्लिमेंट अन्नात मोडतं म्हणून ३६५ कॅप्सूलची बाटली सहसा अडत नाही. मात्र एकाच प्रकारच्या वीस बाटल्या दिसल्या की अधिकारी धंद्याचा माल समजतो, आणि मग ‘मामांना एक, आत्याला एक’ हा हिशेब कोणी ऐकत नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या मोजक्या बाटल्या, बिलं फोनमध्ये तयार.

विमानतळावर काही काढून घेतलं तर?

वाद घालू नका, आवाज चढवू नका. पावती देत असतील तर घ्या. फेकायला सांगितलं तर कागदावर सही करताना वाचून करा. तुम्ही वस्तू आपणहून दाखवली होती हे त्या कागदावर दिसतंय का, एवढं मात्र बघा. दिसत नसेल तर लिहून घ्यायला सांगा, इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागा. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर हिंदीचा मिळतो.